पाटलांची पाटी आणि वरचा कॉमा

बाई, सा. न. वि. वि.

आम्ही तिघे भाऊ. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. आता जुळे सोलापुरात तिघांनी मिळून एकच घर बांधलंय. संक्रांत झाली, गड्ड्याची यात्रा उरकली की वास्तुशांत. फाटकाजवळ काळ्या ग्रॅनाइटवर इंग्रजीत आडनाव कोरायचं ठरलं. पाटीवाल्याने व्हॉट्सॲपवर नमुना पाठवला. त्यात आधी ‘द’, मग आमचं आडनाव, मग वरचा कॉमा आणि मग एस. धाकट्याची मुलगी पुण्यात कॉलेजला आहे. ती म्हणाली, हे चूक आहे, कॉमा काढा. मधला म्हणतो, मॅकडोनाल्डच्या पाटीवर आहे की, ते काय अडाणी आहेत का? पाटीवाला म्हणतो, आजवर सगळ्या बंगल्यांना असंच करून दिलंय. आई म्हणते, “मराठीत लिहा की ओ, मला वाचायला तरी येईल.” त्यात पत्रिकेचाही वाद लागलाय. मी ‘पाटीलांच्या नव्या घरी’ असं लिहिलं होतं, आईने ते ‘पाटलांच्या’ केलं. आठ दिवसांत दगड कोरायला द्यायचा आहे. काय बरोबर ते सांगा. आमचं खरं आडनाव छापू नका, पाटील म्हणा.

– तिघांतला थोरला

श्री. पाटील, नमस्कार.

दगड थांबलाय, म्हणून निकाल आधी सांगते. पाटीच्या बाबतीत पुतणीचं बरोबर आहे आणि पत्रिकेच्या बाबतीत आईंचं. पाटीवर ‘द पाटील्स’ कोरा. आडनावाची अक्षरं आणि त्यांना चिकटून एस, मध्ये काहीही नको. पत्रिकेत ‘पाटलांच्या’ लिहा. पण नुसत्या निकालाने तुमच्या मधल्या भावाचं आणि पाटीवाल्याचं समाधान होणार नाही, त्यामुळे कारणंही लिहिते. इंग्रजी शब्द इथे देवनागरीतच दाखवते. तुम्ही ज्याला वरचा कॉमा म्हणता, त्याचं इंग्रजी नाव ॲपॉस्ट्रॉफी. तो मी ’ असा दाखवीन.

तुम्ही पत्र कारखान्याच्या लेटरहेडवर लिहिलंय. त्यावर वर ठळक अक्षरांत, इंग्रजीत, ‘टॉवेल्स’ छापलंय. तिथे कॉमा नाही. टॉवेल या शब्दाला सरळ एस जोडलाय आणि ते अगदी बरोबर आहे. एक टॉवेल, गठ्ठाभर टॉवेल्स. आडनावाचा नियम याहून वेगळा नाही. एक पाटील, घरभर पाटील्स. टॉवेलला एक न्याय आणि पाटलाला दुसरा, असं इंग्रजी व्याकरणात कुठेही नाही. तुमच्या घरात कुणालाही टॉवेलच्या मध्ये कॉमा घालावासा वाटला नाही, मग तो पाटलांच्या मध्येच का आला?

मी तीस वर्षं इथल्या शाळेत इंग्रजी शिकवलं. त्यातून माझं एक मत झालंय. लोकांना नियम माहीत नसतो एवढंच याचं कारण नाही. वस्तूच्या नावाला काहीही चिकटलं तरी आपल्याला चालतं, पण आडनाव आपलं असतं. त्याला परका एस येऊन भिडला की नाव बिघडलं, भलतंच झालं असं वाटतं. तो कॉमा म्हणजे नावाभोवती घातलेलं कुंपण आहे: इथवर आमचं नाव, पुढचं इंग्रजीचं. ही भावना मला समजते आणि मी तिला हसत नाही. पण इंग्रजीत त्या चिन्हाला आधीपासून दुसरा अर्थ आहे आणि कुंपण म्हणून ते उभं केलं तरी वाचणारा तो दुसराच अर्थ वाचतो.

तो अर्थ मालकीचा. हे चिन्ह इंग्रजीत सोळाव्या शतकात आलं, फ्रेंचांचं पाहून, आणि त्याचं नाव मूळ ग्रीक. सुरुवातीला काम एकच होतं: शब्दातलं अक्षर गळलं की त्या जागी खूण ठेवायची. ‘डू नॉट’चं ‘डोन्ट’ होतं तेव्हा आजही ते हेच करतं. जुन्या इंग्रजीत मालकी दाखवायला बऱ्याच नामांना ‘ई-एस’ असा प्रत्यय लागायचा. पुढे त्यातला ई उच्चारातून गेला, त्याच्या जागी हे चिन्ह बसलं आणि हळूहळू ते मालकीचंच चिन्ह झालं. म्हणजे आपल्या चा-ची-चे याचं काम तिथे तो कॉमा आणि एस मिळून करतात. ‘पाटील’स’ म्हणजे पाटलाचा, पाटलाची, पाटलाचं. एका पाटलाचं.

आता तुमच्या नमुन्याकडे या अर्थाने पुन्हा बघा. तिघांनी पैसे घातले, तिघांनी उन्हात उभं राहून स्लॅब बघितला आणि दगड म्हणतोय की हे एकाचं. ते कुणा एकाचं, हेही तो सांगत नाही. एकत्र राहायचं म्हणून घर बांधणाऱ्या माणसांनी असली पाटी लावू नये, असं मला मनापासून वाटतं. इथे व्याकरण आणि घरातली गोष्ट एकच सांगतात.

‘तिघांचं घर’ हेच इंग्रजीत कोरायचं असेल तर त्यालाही सोय आहे. आधी अनेकवचन करायचं आणि मग त्याच्याही पुढे चिन्ह द्यायचं: ‘द पाटील्स’’. कॉमा एसच्या नंतर, शब्दाच्या अगदी टोकाला. त्याचा अर्थ ‘पाटलांचं’, आणि घर हा शब्द अध्याहृत. हे चूक नाही. तरी दारावर मी साधं ‘द पाटील्स’च सुचवते. त्याचा अर्थ ‘इथे पाटील मंडळी राहतात’ एवढाच होतो आणि घराच्या पाटीने तेवढंच सांगावं. मालकी सांगायला सातबारा आणि सिटी सर्व्हेचा उतारा आहे. शिवाय टोकाचा कॉमा दगडावर टवका उडाल्यासारखा दिसतो.

गोंधळाचं एक कारण कानात आहे. पाटील्स, पाटील’स आणि पाटील्स’ या तिन्हींचा उच्चार एकच होतो. कान मदत करत नाही, काम डोळ्यांनाच करावं लागतं. इंग्रज माणसांचंही इथेच चुकतं. तिकडे भाजी-फळांच्या पाट्यांवर सफरचंद-बटाट्यांच्या अनेकवचनात हा कॉमा इतका घुसला की त्या चुकीला भाजीवाल्याचा ॲपॉस्ट्रॉफी असंच नाव पडलं. जॉन रिचर्ड्स नावाच्या निवृत्त पत्रकाराने 2001 मध्ये या चिन्हाच्या रक्षणासाठी एक संस्था काढली आणि 2019 मध्ये, वयाच्या 96 व्या वर्षी, ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा पाटीवाल्याला अडाणी म्हणू नका. त्याने आजवर जे पाहिलं तेच तो कोरत आला.

मधल्या भावाचा मुद्दा मात्र नीट बघायला हवा. मॅकडोनाल्डच्या पाटीवर कॉमा आहे, हे खरं. पण ते अनेकवचन नाही, मालकी आहे: मॅकडोनाल्डचं, म्हणजे मॅकडोनाल्डचं हॉटेल. लेव्हीजची जीन्स तशीच, लेजच्या वेफर्सची पुडीही तशीच. एका माणसाचं नाव आणि त्याचा माल. गंमत अशी की रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड हे दोघे भाऊ. 1940 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोला त्यांनी ते हॉटेल काढलं. काटेकोर पाहिलं तर दोघांच्या मालकीला कॉमा एसच्या नंतर यायला हवा होता. पण धंद्याचं नाव मालक ठेवील तसं राहतं, ते व्याकरणाच्या हाताखाली नसतं. लंडनच्या हॅरड्सने कॉमा ठेवला नाही. वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या दुकानांनी तो 2012 मध्ये काढून टाकला. उद्या तुमच्या मधल्या भावाने एकट्याने पार्क चौकात नाष्ट्याचं दुकान काढलं आणि त्याला ‘पाटील’स’ नाव दिलं, तर ते शंभर टक्के बरोबर असेल. घरात मात्र माणसं मोजायची आहेत.

पुतणीला आवडेल अशी एक गोष्ट आहे. डच भाषेत हा कॉमा अनेकवचनात चालतो, चालतो म्हणजे लागतोच. फोटो, टॅक्सी असे स्वरान्त शब्द आले की डच लोक अनेकवचनाला कॉमा देऊन एस लावतात. आना नावाच्या दोन मुली असतील तर तिथेही तसंच. आणि सतराव्या-अठराव्या शतकात इंग्रजीतही, परभाषेतून आलेल्या स्वरान्त शब्दांना असं लिहिण्याची रीत होती. म्हणजे जोशी, कुलकर्णी, शिंदे या आपल्या स्वरान्त आडनावांपुढे हात अडखळतो, त्याला जुनी सोबत आहे. पण आजच्या इंग्रजीत ती रीत उरलेली नाही. एकटं अक्षर असलं तरच हा कॉमा अनेकवचनात अजून मान्य आहे. मुलीला तीन विषयांत ‘ए’ मिळाले, तर तो ए आणि एस एकत्र वाचून भलताच शब्द होऊ नये म्हणून मध्ये कॉमा देतात.

तुमच्या गल्लीत अजून पाट्या व्हायच्या असतील, म्हणून इतर आडनावांबद्दलही लिहिते. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, गुजराती, मारवाडी अशी सगळीच घरं शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे इथे प्रश्नांचे नमुने पुष्कळ मिळतात. बिराजदार, हिरेमठ, देशमुख, शेख, गायकवाड, कुलकर्णी या सगळ्यांना नुसता एस. रेड्डी आणि शेट्टी यांच्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी वाय असतो. शाळेत आपण बेबीचं अनेकवचन वाय काढून ‘आय-ई-एस’ लावून शिकलो, पण माणसांच्या नावाला ते करायचं नाही. वाय जागेवर ठेवायचा, पुढे एस. अमेरिकेतल्या केनेडी घराण्याचं अनेकवचनही वाय तसाच ठेवून होतं. नाव शाबूत ठेवायचा हा तेवढा मान इंग्रजी देते.

स, श, झ, च असे आवाज शेवटी असले की एसच्या आधी ई लागतो, नाहीतर जीभ वळत नाही. व्यासांचं ‘व्यासेस’ होतं, घोष मंडळींचं ‘घोषेस’. इथे आवाज बघायचा, अक्षर नाही. शहा हे आडनाव इंग्रजीत एच या अक्षराने संपतं, पण शेवटी आवाज ‘आ’चा आहे, म्हणून नुसता एस. आणि आपल्या गावचं नाव जगात नेणारं आडनाव तर याच गटातलं आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1910 मध्ये सोलापुरात जन्मले, 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. त्यांच्या घराण्याबद्दल इंग्रजीत लिहायचं तर ‘द कोटणीसेस’. कानाला अवघड वाटतं, मलाही वाटतं, पण बरोबर तेच. इतकं अवघड वाटत असेल तर ‘कोटणीस फॅमिली’ लिहावं, त्यात काही कमीपणा नाही.

आता पत्रिका. हा तुमच्या पत्रातला मला सगळ्यात आवडलेला भाग, कारण इंग्रजीत जे काम तो कॉमा करतो त्याच्या जवळचं काम मराठीत एक ठिपका करतो आणि तो तुमच्या आईंच्या हातात अचूक आहे.

‘पाटलाचा वाडा’ आणि ‘पाटलांचा वाडा’ ही दोन्ही लिहून शेजारी ठेवा. फरक फक्त लावरच्या अनुस्वाराचा. पहिल्यात एक पाटील आहे आणि बोलणाऱ्याला त्याच्याबद्दल फारसा आदर नाही. दुसऱ्यात एकतर पुष्कळ पाटील आहेत, नाहीतर एकच आहे पण मानाचा. हा ठिपका माणसं मोजतो आणि आदरही देतो. इंग्रजीतल्या त्या चिन्हाला हे दुसरं काम जमत नाही.

‘पाटीलांच्या’ की ‘पाटलांच्या’? मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्द थोडा वाकतो. पाटील वाकला की मधली ‘ई’ जाते आणि पाटला- होतो. पाटलाने, पाटलाला, पाटलांच्या. आपण बोलतोही तसंच, ‘पाटीलांच्या शेतात’ असं कुणी तोंडाने म्हणत नाही. कोटणीसमध्ये ती दीर्घ ‘ई’ जात नाही, फक्त ऱ्हस्व होते: भैय्या चौकातलं डॉ. कोटणिसांचं स्मारक. गावाचं नाव सोलापूर, त्यातला पू दीर्घ, पण आपण राहतो सोलापुरात, आणि चादर सोलापुरी.

तुम्ही ‘पाटीलांच्या’ का लिहिलंत, ते मात्र माझ्या लक्षात आलं. तुम्हाला आडनाव मोडायचं नव्हतं. कॉमा घालणाऱ्याच्या मनात जे होतं तेच तुमच्याही मनात होतं. हल्ली शिंद्यांच्या ऐवजी ‘शिंदेंच्या’, जोश्यांच्या ऐवजी ‘जोशींच्या’ लिहितात, त्यामागेही हेच आहे आणि ती रूपं आता इतकी रुळलीत की त्यांना चूक म्हणायला मी धजणार नाही. माझ्या कानाला ‘शिंद्यांच्या’ गोड लागतं, कारण त्यात नाव भाषेत मुरलेलं असतं, वरून ठेवलेलं नसतं. पण ज्यांना नाव जसंच्या तसं हवं, त्यांच्यासाठी मराठीने स्वतःचं कुंपण केलेलंच आहे: ‘पाटील यांच्या नव्या घरी’. नावाला कुणी हात लावला नाही, प्रत्यय ‘यां’वर गेला आणि ठिपका तिथे जाऊन बसला. सरकारी पत्रं आणि वर्तमानपत्रं हेच करतात. पत्रिकेत मात्र ते जरा कोरडं वाटेल. घरी बोलावताना ‘पाटलांच्या’ बरं.

प्रत्यय नसला तर मराठीत आडनावाला अनेकवचनासाठी काहीच करावं लागत नाही. ‘पाटील आले’ म्हटलं तर दारात एक असतील, नाहीतर दहा. काळे, गोरे यांसारख्या आडनावांत तर अनेकवचन आधीच बसलेलं आहे: काळा, काळे. पहिल्या नावांचंही तसंच. एका वर्षी माझ्या वर्गात चार अश्विनी होत्या, हजेरीला मी ‘चारही अश्विनी उभ्या राहा’ म्हणायचे. इंग्रजीच्या तासाला मात्र त्यांना एस लावावा लागे, कॉमाविना.

यावरून मला आईंच्या बोलण्याकडे वळावंसं वाटतं. पाटी इंग्रजीतच का, हे तुम्ही पत्रात कुठे लिहिलं नाही. महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्यांवर देवनागरी मराठी बंधनकारक आहे, घराला तसं काही नाही, तिथे मर्जी तुमची. पण मराठीत ‘पाटील’ एवढी तीन अक्षरं कोरली तरी तिघे भाऊ, बायका, मुलं, आई सगळे त्यात येतात आणि एसचा प्रश्नच उरत नाही. पुतणीची आणि मधल्या भावाची हौस मोडायची नसेल तर वर मोठ्या अक्षरांत मराठी ‘पाटील’ आणि खाली लहान अक्षरांत इंग्रजी ‘द पाटील्स’ असं करा. दगड एकच राहील आणि त्या घरात सगळ्यात जास्त वेळ जी बाई फाटकाकडे बघत बसणार आहे, तिला तो वाचता येईल.

पाटीवाल्याला फोनवर सांगू नका. फोनवर ‘एस लावा’ म्हटलं की त्याचा हात सवयीने कॉमा देईल. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या आणि खाली लिहा, ‘मध्ये कुठेही चिन्ह नाही, जागाही सोडायची नाही’. एल आणि एस यांच्यात फट राहिली तरी पुढे कुणीतरी तिथे कॉमा आहे असं समजतं. कोरण्याआधी दगडावर खडूने आखतात, तेव्हा पुतणीला घेऊन एकदा जाऊन या.

आणि पत्रिका अजून छापखान्यात गेली नसेल, तर प्रूफ आल्यावर ‘पाटलांच्या’तल्या लावरचा ठिपका तेवढा भिंग लावून बघा. बारीक टायपात तो सहज उडतो आणि मग निमंत्रण तिघांऐवजी एकाच पाटलाचं होतं.